नऊ नगांचा ताबा

४ तारीख, रविवार

सहल ठरली. म्हणजे मी ठरवली. हे वर्षभर "बघू, बघू" करत होते. त्यांच्या बघण्यावर राहिले असते तर मुलींना मुलं झाली असती. वाळवंटातली पाच शहरं, सात किल्ले, चार राजवाडे, दहा दिवस. टूर कंपनी नाही. भाड्याची गाडी, गाडीचा ड्रायव्हर आणि आखणी माझी. कारखान्याच्या भांडारात बावीस वर्षं काढली आहेत मी. अडीच हजार प्रकारचे नट-बोल्ट जागच्या जागी ठेवणाऱ्या बाईला चार माणसं आणि थोडं सामान जड नाही.

चार माणसं हा मूळ आराखडा. आज जेवताना यांनी ताटाकडे बघत सांगितलं की ताईलाही नेऊ या. ताई म्हणजे यांची मोठी बहीण, माझ्या वन्सं.

"तिने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंय," हे म्हणाले. "शेवटच्या शहरातला आरसेमहाल. तिच्या स्वयंपाकघरात चित्र आहे ना, तो."

चित्र मला पाठ आहे. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं पान, तारखा कापून चित्र तेवढं भिंतीला चिकटवलेलं. त्याच्यासमोर बसून वन्सं शिंप्याच्या दुकानासाठी काजं करायच्या. एका शर्टाला सात काजं, रोजचे तीस-चाळीस शर्ट, आणि त्या काजांवर यांचं शिक्षण झालं. हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगण्यात आलं आणि त्यानंतर महिन्यातून एकदा तरी.

"डोळ्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलंय," हे म्हणाले, "काय दाखवायचं ते आत्ताच..."

"मोतीबिंदू असेल. या वयात सगळ्यांना होतो. काढला की झालं."

"तसं नाही गं ते."

"मग कसं?"

त्यावर यांनी भात कालवायला घेतला. यांचं हे नेहमीचंच, वाक्य सुरू करायचं आणि पुरं करायला माझ्यावर सोडायचं. मी हो म्हटलं. खरं लिहायचं तर मला वन्सांचा राग येतो. का, ते नीट सांगता येत नाही. त्यांनी माझं कधी काही वाईट केलेलं नाही, आणि बहुधा त्याचाच येतो.

सामान नऊ नग. प्रत्येकाला नंबर चिकटवले. गाडीच्या टपावर ताडपत्रीखाली बांधायचं, म्हणजे आपण किल्ल्यात असताना कुणीतरी आपलं माणूस गाडीपाशी हवं. ड्रायव्हर आहे, पण ड्रायव्हर चहाला जातो. म्हणून पाळ्या लावल्या : थोरली, धाकटी, हे आणि वन्सं. माझं नाव पाळीत नाही, कारण वही माझ्याकडे. वहीला रकाने आखले : तारीख, नग, ताबा घेतला, ताबा दिला. बसणाऱ्याने दोन्हीकडे सही करायची. थोरली म्हणाली, "आई, आपण सहलीला चाललोय, गोदामाला नाही." हसू दे. सामान हरवलं की कोण हसतं बघू.

६ तारीख, मंगळवार

पहिला किल्ला. डोंगराच्या अंगातूनच उगवल्यासारखा, सहा दरवाजे, दरवाज्यांना हत्ती अडवायचे खिळे. खिळे हाताएवढे, आणि एकाला एक बरोबर. त्या काळचा भांडारपाल माझ्यासारखाच असणार.

पाळी थोरलीची होती. ती तोंड पाडून बसली. तिचे फोटोचे कपडे त्या दगडाच्या रंगाला जुळवून आणलेले. एकोणीस वर्षांच्या मुलीला उन्हात गाडीत बसवायचं जिवावर आलं. वन्सांना म्हटलं, "आजच्या दिवस तुम्ही बसता का? तसे तुमचे गुडघेही..."

"बसते की," त्या म्हणाल्या. "मला काय, शेवटचा तेवढा बघायचाय."

सही केली. छान सही आहे त्यांची, टपोरी, काजासारखी घट्ट.

७ तारीख, बुधवार

आज पाळी धाकटीची. धाकटीचं पोट दुखलं. राजवाड्याच्या फाटकातून आत शिरल्यावर थांबलं. तेरा वर्षांची आहे, पण अभिनयात कुणाला हार जायची नाही. वन्सं बसल्या.

८ तारीख, गुरुवार

आज यांची पाळी. हे खरंच बसले, पाय पसरून, जणू सुटका झाल्यासारखे. वन्सांना म्हणाले, "ताई, तू जा आज." त्या उठल्यासुद्धा. पण वाटाड्या इतका भरभर बोलत होता, त्याला उलटे प्रश्न कोण विचारणार? सगळ्यांचा एकत्र फोटो कोण काढणार? मी यांना बोलावून घेतलं. वन्सं परत बसल्या.

त्यावरून आठवलं. वन्सांचे डोळ्यांत घालायचे थेंब आहेत, दिवसातून तीनदा. ते औषधांच्या बॅगेत, म्हणजे सात नंबरमध्ये, टपावर. दुपारी त्यांनी हळूच विचारलं. आता एका बाटलीसाठी दोरी सोडा, ताडपत्री काढा, बॅग उतरवा, वहीत नोंद करा. ड्रायव्हर लगेच म्हणाला, "मी चढतो ना, मॅडम. दोन मिनिटांचं काम." मी त्याला सांगितलं की टपावरचं सामान फक्त मुक्कामाला उतरेल. एकदा सवलत दिली की रोज कुणीतरी कंगवा मागेल.

"राहू दे," वन्सं म्हणाल्या. "सकाळ-रात्र घालीन."

संध्याकाळी मुक्कामाला बघितलं तर बाटली चहाच्या कपासारखी गरम. वर लिहिलंय थंड जागी ठेवा. वाळवंटात थंड जागा कुठून आणायची ते लिहिणाऱ्याला विचारायला हवं.

१० तारीख, शनिवार

वहीत गबाळेपणा सुरू झाला आहे. वन्सांची परवाची सही रेघेच्या वर, कालची रेघेच्या खाली, आणि आजची "ताबा घेतला"मध्ये सुरू होऊन "ताबा दिला"मध्ये संपते. मी स्पष्ट बोलले, "वन्सं, रकाना सोडू नका." त्या म्हणाल्या, "हो गं, जरा लक्ष नव्हतं." बसून असतात दिवसभर, मग लक्ष असतं कुठे?

औषधांची बॅग लावताना त्यांची दवाखान्याची फाइल उघडून बघितली. सगळं अगम्य. एका कागदावर दोन वर्तुळं छापलेली, दोन्ही जवळजवळ पूर्ण काळी केलेली, मधे बटणाएवढी पांढरी जागा. डॉक्टर लोक शाई किती वाया घालवतात. मी भांडारात असा कागद वापरू दिला नसता.

बाकी आजचा राजवाडा उत्तम. राणीच्या खिडकीला दगडाची अशी जाळी की तिला सगळं दिसावं आणि ती कुणाला दिसू नये.

१२ तारीख, सोमवार

आज मोठं विघ्न येऊन गेलं. ड्रायव्हर पंक्चर काढायला गाडी घेऊन जाणार म्हणून सामान किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर उतरवलं. नऊ नग एकावर एक, शेजारी वन्सं. आम्ही वर तोफांपाशी असताना समोरचं आभाळ तांबूस झालं आणि वाळूचं वादळ आलं. वाटाड्याने आम्हाला एका कोठीत घेतलं, दार लावलं. अर्धा तास नुसता सूं सूं आवाज. हे दाराशी जाऊन "ताई बाहेर आहे, ताई बाहेर आहे" करत होते. मी हाताला धरून बसवलं. वादळात जाऊन हे काय करणार होते?

खाली आलो तर सामानाच्या ढिगावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर वन्सं पालथ्या पडलेल्या, दोन्ही हातांनी टोकं धरून. पहारेकरी म्हणाला, "बाईंना आत बोलावलं तीनदा. आल्याच नाहीत."

"सही केली होती ना," वन्सं म्हणाल्या.

मला भरून आलं, खोटं का लिहू. नऊच्या नऊ नग. बॅगांत वाळूचा कण नाही. डोळे मात्र त्यांचे लालभडक झाले होते, उघडत नव्हते. धाकटीने पाण्याने धुवून दिले. मी यांना म्हटलं, बघा, जबाबदारी म्हणजे काय ते तुमच्या बहिणीकडून शिका. मी चांगलं बोलले तरी यांना लागतं.

१३ तारीख, मंगळवार

थोरलीच्या कुडत्याचं बटण तुटलं. आत्या आहे तर काळजी काय. आत्याने धाकटीकडून सुई ओवून घेतली आणि बोटांनी चाचपत दोन मिनिटांत बटण लावून दिलं. लावलं कापडाच्या उलट्या बाजूला. थोरली हसून हसून लोळली. वन्संही हसल्या. मग त्यांनी कुडता मांडीवर घेतला आणि बराच वेळ बटणावरून अंगठा फिरवत बसल्या. चाळीस वर्षं काजं-बटणं केलेल्या बाईचं हे काम. वय झालं की हात बिघडतो.

ड्रायव्हरचं आणि त्यांचं मेतकूट जमलंय. तो "मावशी, मावशी" करतो. आज आम्ही खाली आलो तेव्हा तो त्यांना सांगत होता, "आता बघा मावशी, डावीकडे बुरूज, त्याच्यावर निळं निशाण, आणि खाली एक उंट बसलाय, त्याला उठायचं नाहीये." मी म्हटलं, "अहो, त्यांना डोळे आहेत की." उंट समोर वीस पावलांवर होता.

रात्रीच्या जेवणाआधी हे भांडले. हे भांडतात म्हणजे उभे राहून बोलतात. म्हणाले, "उद्याचं मी काही मागत नाही. परवा आरसेमहाल तिने बघितलाच पाहिजे. तेवढ्यासाठी आलोय."

"तेवढ्यासाठी त्या आल्या असतील. आपण सात किल्ल्यांसाठी आलोय," मी म्हटलं. "पण दाखवणार. मी शब्द दिलाय." आणि वहीत पंधरा तारखेपुढे पेन्सिलीने लिहूनही ठेवलं : वन्सं वर जाणार. यापेक्षा आणखी काय करायचं?

१५ तारीख, गुरुवार

आजचं सविस्तर लिहिते, कारण उद्या कुणी मलाच दोष देईल.

एक वाजता पोचलो. टपावरची दोरी बदलायची म्हणून सामान उतरवून गाडीशेजारी लावलं. किल्ला उंच, चढाची वाट लांब, आरसेमहाल अगदी वर. फाटकावर पाटी : शेवटचा प्रवेश साडेचार. माझी आखणी अशी की आधी आम्ही चौघं जाऊन येऊ, मग मी खाली ताबा घेईन आणि वन्सं यांच्याबरोबर सावकाश वर जातील. मागे कुणी घाई करायला नको.

हे म्हणाले, "ताई आधी. मी बसतो खाली."

"आणि वर मुलींना कोण समजावून सांगणार?"

"तुम्ही जाऊन या रे," वन्सं म्हणाल्या. "इतकी वर्षं थांबले, आता दोन तासांचं काय?"

म्हणजे त्यांची स्वतःची संमती होती. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आरसेमहाल चांगला आहे, पण मी कल्पना केली होती त्याहून लहान. भिंतीला, छताला नखाएवढे आरसे. वाटाड्याने एक मेणबत्ती धरली तर वर हजार ठिणग्या. मुलींनी तोंडावर हात ठेवले. हे मात्र भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग मुली फोटोंसाठी वेगळ्या फिरल्या, आम्ही दोघं बाकीचे महाल बघून साडेतीनला खाली आलो.

वन्सं तयार होत्या. कधी नव्हे ती जरीकाठाची साडी नेसलेल्या, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलेलं, केस नीट विंचरलेले. ड्रायव्हरने आडोसा करून दिला म्हणे. नव्या नवरीसारख्या गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या. मला हसू आलं आणि कसंतरीही झालं.

मी नग मोजले. आठ.

परत मोजले. आठ. पाच नंबर नाही.

"थोरली घेऊन गेली," वन्सं म्हणाल्या. "मघाशी खाली आली होती ना, कपडे बदलायला. वर नेते म्हणाली."

"नोंद?"

"केली ना मी. वहीत केली."

ताबा असेपर्यंत वही बसणाऱ्याकडे राहते. ती उघडून बघितली. आजच्या पानावर नोंद नाही. आदल्या पानावर कालच्या ओळींवर काहीतरी गिरगटलेलं, शाईवर शाई. मी थोरलीला फोन लावला, किल्ल्यात लागेना. मी यांना म्हटलं, तुम्ही वर जाऊन थोरलीला गाठा. बॅग दिसेपर्यंत ताबा बदलता येत नाही.

"अगं, पण ताई म्हणतेय ना. जाऊ दे तिला."

"आठ नगांचा ताबा मी कसा घेऊ? उद्या नववा गेला तर तो माझ्या सहीने गेला असं होईल."

"नियम आहे तर आहे," वन्सं म्हणाल्या. "जा रे तू. पटकन ये."

हे पळत गेले. पन्नाशीचा माणूस त्या चढावर पळताना बघवत नाही. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, मी लक्ष दिलं नाही. वन्सं पायरीवर बसून पदराचा काठ बोटांनी सरळ करत राहिल्या. एकदा विचारलं, "ऊन अजून आहे ना गं?" मी म्हटलं, डोक्यावर आहे की. त्या वेळी एकदा मनात आलं, जाऊ द्यावं यांना, काय होणार आहे एका बॅगेचं. पण असं एकदाच झालं होतं भांडारात, सहाव्या वर्षी, आणि तीन महिने माझी चौकशी चालली होती.

चार वीसला हे आणि मुली आल्या. पाच नंबर थोरलीच्या खांद्यावर. वन्सं खरं बोलत होत्या, ठीक आहे. मी मोजले, नऊ. दहा मिनिटं होती. मी म्हटलं, "सही नंतर करा, आधी जा." इतकं मोठं मन मी नोकरीत कुणासाठी केलेलं नाही.

हे त्यांचा हात धरून निघाले. वन्सं प्रत्येक पाऊल आधी चाचपून मग टाकत होत्या. फाटक अगदी समोर, शंभर पावलं. त्या शंभर पावलांना त्यांनी इतका वेळ लावला की लांबून बघणाऱ्यालाही राग यावा. पहारेकऱ्याने साखळी लावली. हे हात जोडत होते, तो मान हलवत होता, उद्या या म्हणत होता. उद्या आमचं परतीचं.

परत आले आणि हे गाडीच्या चाकापाशी खाली बसले आणि रडले. भर रस्त्यात. मुलींच्या देखत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

वन्सांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. पहिल्यांदा हात हवेतच पडला, मग सापडलं डोकं. म्हणाल्या, "रडतोस काय. तू बघितलास ना? सांग मला कसा आहे."

यांना सांगता येईना. तो आगाऊ ड्रायव्हरच बोलला, "मावशी, एक दिवा लावला की वर हजार दिसतात, असं ऐकलंय मी."

"अस्सं," वन्सं म्हणाल्या.

मी काही दगड नाही. फाटकाजवळच्या दुकानातून त्यांच्यासाठी आरसेमहालाचं पोस्टकार्ड आणलं, मोठं, चकचकीत, रंगीत. म्हटलं, "घ्या, हे तर घरी घेऊन बसता येईल, आणि गर्दीही नाही." त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, कडेवरून बोटं फिरवली, नाकाजवळ नेलं. म्हणाल्या, "छान आहे गं. गुळगुळीत आहे." मग माझ्याकडे परत दिलं, चुरगळेल म्हणून. मी वहीत ठेवलं. निघताना सही राहायला नको म्हणून वही उघडून त्यांच्या मांडीवर दिली आणि मी दोऱ्या बघायला उतरले. त्यांनी सही करून वही मिटून ठेवली.

सात किल्ले, चार राजवाडे, नऊ नग. एकही वस्तू हरवली नाही.

१८ तारीख, रविवार

घरी येऊन दोन दिवस झाले. हे घरी नाहीत. परवा वन्सांना सोडायला गेले ते तिकडेच राहिलेत. फोन केला तर म्हणाले, "तिला चुलीपाशी एकटं सोडता येत नाही." आजवर कशा राहत होत्या? मी विचारलं, परत कधी येणार? म्हणाले, बघू. ते चित्र भिंतीवरून काढलं म्हणे वन्सांनी. कुणी काढायला सांगितलं होतं?

घर मोकळं मोकळं वाटतं. थोरलीही फुगलेली आहे, म्हणते ती बॅग मी न्यायलाच नको होती. तिची यात काय चूक?

वेळ होता म्हणून सहलीची वही पुरी करून कपाटात ठेवायला घेतली. खिडकीशी चांगल्या उजेडात ते गिरगटलेलं नीट लावून बघितलं. चौदा तारखेच्या ओळींवर, आडवं, लिहिलंय : पाच नंबर, थोरलीने नेली, तीन वाजता. म्हणजे नोंद होती. पण नोंद जागेवर नसेल तर ती कुणाच्या काय उपयोगाची? मी ही गोष्ट यांना फोनवर सांगणार होते, मग नाही सांगितली.

आणि शेवटच्या पानावर बघते तर "ताबा दिला"चा रकाना कोरा. मी स्वतः वही दिली होती, त्यांना सही करताना मागून बघितलं होतं. मग ते पोस्टकार्ड हाताला लागलं. त्या पानावरच होतं. वन्सांनी सही कार्डावर केली आहे, चित्राच्या बाजूला, आरसेमहालाच्या बरोबर मधोमध, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. निळ्या शाईत, खाली दोन रेघा ओढून. एवढं चांगलं कार्ड खराब केलं. धाकटीला म्हटलं, पुसून बघ. तिने कार्ड हातात घेतलं, बघितलं, आणि उठून आत गेली. तिलाही हल्ली काय होतं कळत नाही.

पण वहीचं काम अर्धवट ठेवणं मला जमणार नाही. वहीत सही नाही, म्हणजे नियमाने नऊच्या नऊ नग अजून वन्सांच्याच ताब्यात आहेत. उद्या थोरलीच्या हाती वही तिकडे पाठवते, सही योग्य जागी करून घ्यायला. रकान्यापुढे लाल पेन्सिलीने फुली करून ठेवली आहे. चांगली ठळक केली आहे. आता तरी दिसायला हरकत नाही.